पेन्सिलची एक रेघ आणि पाच छर्रे: एअर रायफलवर स्कोप बसवून झीरो कसा करायचा

स्कोप म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, ती दोन रिंगांत, म्हणजे कड्यांत, धरून रायफलीच्या डोक्यावरच्या पट्टीवर बसवतात. बसवून झाली की पुढच्या रिंगच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून त्या पट्टीवर पेन्सिलने एक बारीक रेघ मारायची. काळ्या पट्टीवर पेन्सिल दिसत नसेल तर शिंप्याचा पांढरा खडू टोक काढून वापरा. मग वीस-पंचवीस छर्रे मारा आणि परत बघा. रेघ आणि रिंग यांच्यामध्ये फट दिसली, नखाच्या जाडीएवढी जरी दिसली, तरी स्कोपच्या नॉबला, नेम सरकवायला फिरवतात त्या बटणाला, हात लावायचा नाही, कारण बिघाड नॉबमध्ये नाहीच, अख्खा स्कोपच मागे सरकतोय.

हे इतकं ठासून सांगते कारण गेल्या डिसेंबरात रेंजवर डोंबिवलीचा एक मुलगा भेटला, कॉलेजात शिकणारा, साठवलेल्या पैशातून एअर रायफल आणि स्कोप घेतलेला. म्हणाला, ताई, हा दुसरा स्कोप आहे, पहिला दुकानदाराने बदलून दिला, पण हाही तसाच निघाला, नेम धरतो एकीकडे आणि छर्रा जातो भलतीकडे, आणि रोज वेगळ्याच भलतीकडे. मी रायफल रिकामी आहे ना ते बघितलं, स्कोप मुठीत धरून हलकेच पिळला आणि तो हलला. हाताने हलला! खालच्या पट्टीवर फॅक्टरीचं तेल तसंच होतं, त्या तेलावर रिंग बसवलेल्या, आणि बिचारा तीन आठवडे वरचा नॉब फिरवत बसला होता. तो नॉब एव्हाना अगदी शेवटापर्यंत पोचला होता. त्याने काय होतं ते पुढे सांगते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दहातले आठ "खराब स्कोप" हे खराब बसवलेले स्कोप असतात, निदान माझ्या बघण्यात तरी. म्हणून क्रम पाळायचा. आधी बसवणं, मग डोळ्याला जुळवणं, मग सरळ करणं, मग आवळणं, आणि नॉब सगळ्यात शेवटी.

आता स्कोप नेमकं करतो काय ते आधी डोक्यात बसलं पाहिजे. रायफलीला दोन रेषा असतात. एक नळीची, एक तुमच्या नजरेची. स्कोप नळीच्या वर साधारण साडेचार सेंटिमीटरवर बसतो, त्यामुळे नजरेची रेषा वरून जाते आणि नळीची खालून. आणि छर्रा तर नळीच्या रेषेवरही राहत नाही, नळीतून सुटल्या क्षणापासून तो खाली पडायला लागतो. हाताने भिरकावलेल्या चेंडूसारखाच, फक्त वेग जास्त म्हणून आपल्याला ते दिसत नाही. सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेग असलेला छर्रा २५ मीटर जाईपर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर खाली आलेला असतो. १२ सेंटिमीटर म्हणजे अर्ध्या वितीहून जास्त! म्हणून नळी नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर तोंड करून ठेवावी लागते, म्हणजे छर्रा वर चढून खाली येताना बरोबर नजरेच्या रेषेला भेटतो. ही भेट कुठल्या अंतरावर व्हावी ते ठरवणं, याला झीरो करणं म्हणतात. बाकी काही नाही. स्कोपने रायफल जास्त अचूक होत नाही, छर्रा जास्त लांब जात नाही, फक्त तुम्हाला स्पष्ट दिसतं आणि काटा, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या उभ्या-आडव्या रेघांची फुली, कुठे ठेवायचा ते ठरवता येतं.

बऱ्याच जणांना वाटतं की ऑलिम्पिकमधले आपले नेमबाज स्कोप लावून मारतात. अजिबात नाही. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं ते बिनास्कोपचं, तिथे मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक भोकाची चकती आणि पुढे कडी, बस. सुमा शिरूरने २००४ मध्ये क्वालालंपूरला १० मीटरमध्ये ४०० पैकी ४०० केले होते, चाळीसच्या चाळीस छर्रे दहाच्या वर्तुळात, आणि त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. डोळ्यापुढे दुर्बीण नसताना! स्कोप लागतो तो बेंचवर टेकवून मारणाऱ्यांना, मोकळ्या मैदानात वेगवेगळ्या अंतरांवर नेम मारणाऱ्या फील्ड टार्गेटवाल्यांना, आणि आपल्यासारख्यांना ज्यांच्याकडे साधी स्प्रिंगची किंवा पीसीपी, म्हणजे आधी दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, एअर रायफल आहे आणि क्लबात कागदावर नेम मारायची आवड आहे. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे .१७७ इंच बोअरपर्यंतच्या, म्हणजे नळीचं भोक तेवढं असलेल्या, आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला लायसन लागत नाही, पण म्हणून ती खेळणं होत नाही. कबुतरं-कावळ्यांवर, कुत्र्या-मांजरांवर तर ती रोखायची नाहीच नाही. आणि मुंबईत राहता तर हे पण लक्षात ठेवा की स्कोप लावलेली रायफल खिडकीतून बाहेर धरून "जरा बघतो कसं दिसतं" असं कधीही करायचं नाही, समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाला ती रिकामी आहे हे कसं कळणार. नुसता स्कोप हातात घेऊन बघा हवं तर.

स्कोपवर ३-९×४० असं लिहिलेलं असतं. म्हणजे वस्तू तीनपट ते नऊपट जवळ दिसते आणि पुढची काच ४० मिलिमीटरची आहे. ४० ला नऊने भागलं की साडेचारच्या आसपास येतं, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो, तीनवर ठेवला तर तेरा. म्हणून नऊवर डोळा जरा हलला की कडेने काळोख येतो आणि तीनवर येत नाही. नवीन माणसाने कमी झूमवर सुरुवात करावी, हृदयाचे ठोकेसुद्धा नऊपटीने दिसतात आणि माणूस घाबरून ट्रिगर खेचून टाकतो.

विकत घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे स्कोपच्या नळकांड्याची जाडी, ती बहुतेक वेळा एक इंच असते नाहीतर ३० मिलिमीटर, रिंगही त्याच मापाच्या हव्यात. दुसरी म्हणजे रायफलीच्या डोक्यावरची पट्टी. एअर रायफलीवर बहुतेक वेळा ११ मिलिमीटरची डव्हटेल असते, दोन्ही बाजूंनी आत कापलेली खाच, आणि मोठ्या रायफलींवर पिकाटिनी असते, आडवे खाचे असलेली रुंद पट्टी. एकाच्या रिंग दुसऱ्यावर बसत नाहीत. ऑनलाइन मागवताना लोक इथेच फसतात. रिंगची उंची अशी हवी की पुढची मोठी काच नळीला टेकणार नाही आणि कोकिंग करताना, म्हणजे मारण्याआधी रायफल ताणताना, अडणार नाही, त्यापेक्षा उगाच उंच नको.

तुमची रायफल स्प्रिंगची असेल, म्हणजे बहुधा नळी खाली दुमडून कोक करायची, तर "एअरगनसाठी" असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्या. याचं कारण मजेशीर आहे. साध्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेला, मागे. स्प्रिंगच्या रायफलीत आतला जड पिस्टन सुटून पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन आदळतो तेव्हा तीच रायफल झटक्यात पुढे जाते. एका छर्‍यात दोन उलटे धक्के. दुसरा धक्का जास्त कडक. गच्च भरलेली बस अचानक ब्रेक मारते तेव्हा आतल्यांचं काय होतं, तसंच आतल्या काचांचं होतं, आणि सगळ्या स्कोपमधल्या काचा पुढच्या बाजूच्या धक्क्यासाठी बसवलेल्या नसतात. हजारभर छर्‍यांत आतला काटा निखळलेला मी पाहिलाय, आणि तो काही स्वस्तातला स्कोप नव्हता. याच दुसऱ्या धक्क्याने रायफल पुढे पळते आणि स्कोप जागच्या जागी राहायला बघतो, म्हणजे पट्टीवर मागे सरकतो. म्हणून ती रेघ पुढच्या बाजूला मारायची, फट तिथे उघडते.

आता बसवायला घेऊ. रायफल उघडून आत छर्रा नाही याची खात्री, दोनदा. मग पट्टीवरचं तेल पूर्ण काढायचं, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने, खाचेच्या आतूनसुद्धा, आणि कापड काळं येणं बंद होईपर्यंत. रिंगच्या आतली बाजू आणि नळकांडंही तसंच पुसायचं. त्या मुलाच्या पट्टीवरून चार चिंध्या काळ्या निघाल्या. बऱ्याच पट्ट्यांवर मागे एक छोटं भोक असतं, आणि माउंटच्या, म्हणजे रिंग आणि तिच्या खालच्या पकडीच्या, खाली एक पिन, ती पिन त्या भोकात उतरली पाहिजे, म्हणजे स्कोपला मागे पळायला जागाच उरत नाही. पिन भोकात न जाता पट्टीवर टेकून बसली तर माउंट वाकडा बसतो, तेव्हा वाकून नीट बघा.

खालच्या रिंग घट्ट झाल्या की स्कोप वर ठेवायचा, रिंगच्या वरच्या अर्धगोल टोप्या लावायच्या पण स्क्रू फक्त टेकतील एवढेच. नळकांडं पुढे-मागे सरकलं पाहिजे, फिरलं पाहिजे. आता डोळे मिटा, रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल जिथे आपोआप पडतो तिथे पडू द्या, आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी चंद्रकोर नको. दिसत असेल तर स्कोप पुढे-मागे करत परत तेच, डोळे मिटून, उघडून. डोळे उघडे ठेवून केलं की माणूस नकळत मान ताणून डोळा चित्राकडे नेतो आणि मग दोन तास रेंजवर मान आखडते. डोळा आणि मागची काच यांत साधारण आठ-नऊ सेंटिमीटर अंतर येतं. ही जुळवणी जास्तीत जास्त झूमवर करायची, कारण तिथेच ती सगळ्यात कटकटीची असते.

मग मागच्या काचेचं फोकस. हे लोक चुकीचं करतात. मागच्या काचेभोवतीची फिरती कडी टार्गेट स्पष्ट करायला नसते, काटा स्पष्ट करायला असते. पांढऱ्या भिंतीकडे बघा, दोन सेकंद, नजर काढून घ्या, थोडं फिरवा, परत दोन सेकंद. टक लावून बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो, तुम्हाला वाटतं स्पष्ट झालं, आणि अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं. बघितल्या बघितल्या काटा काळा कुळकुळीत दिसला पाहिजे.

यापुढचं काम मला सगळ्यात आवडतं, ते म्हणजे काटा उभा करणं. उभी रेघ खरोखर उभी हवी आणि ती नळीच्या बरोबर वर हवी. आमच्या चाळीचं रिपेअरिंग चाललं होतं तेव्हा गवंडीकाकांकडून मी ओळंबा मागून आणला, पॅसेजच्या टोकाला भिंतीतल्या खिळ्याला टांगला आणि दुसऱ्या टोकाला टेबलावर दोन उशांत रायफल ठेवली. ओळंबा काही केल्या थांबेना, गरगर फिरायचा, डुलायचा, दोरी स्कोपमध्ये वळवळत राहायची. काका जाता जाता बघून म्हणाले, अगं पोरी, बादली आण, वजन पाण्यात बुडव. बादली भरून खाली ठेवली, पितळेचा गोळा पाण्यात सोडला आणि पाच मिनिटांत दोरी अशी थांबली की जणू कोणी आखूनच ठेवली. नंतर रायफलीच्या पट्टीवर छोटी लेव्हलची बाटली आडवी ठेवून बुडबुडा मध्ये आणला, आणि मग नळकांडं किंचित किंचित फिरवत काट्याची उभी रेघ त्या दोरीवर आणून ठेवली. काटा दोरीवर बसला की दोरी दिसेनाशी होते. त्या क्षणी हात काढून घ्यायचा.

याची एवढी काळजी कशासाठी तर रायफल पाच अंश उजवीकडे कलली की २५ मीटरवर छर्रा साधारण एक सेंटिमीटर उजवीकडे जातो आणि तुम्ही वाऱ्याला दोष देत बसता. आणि काटाच वाकडा बसवलेला असेल तर आणखी फसवं होतं, १० मीटरवर छर्रे बरोबर मध्ये आणि २५ वर बाजूला. अशी खूण दिसली की समजा काटा वाकडा आहे.

आवळताना एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा असं करायचं नाही. डावीकडचा पुढचा, उजवीकडचा मागचा, मग उरलेले दोन, पाव-पाव फेऱ्याने. टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे, नाहीतर आवळता आवळता काटा परत फिरतो आणि ओळंब्याची मेहनत गेली. ताकद किती लावायची? बहुतेक रिंगवाले १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, म्हणजे सुमारे दोन न्यूटन-मीटर, फारच कमी आहे हे. अ‍ॅलन कीचा लांब दांडा भोकात घालून छोटा दांडा दोन बोटांत धरून फिरवा, मग हातून जास्त ताकद लागतच नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, हार्डवेअरच्या बाजारात, गेलात तर टॉर्कचा, म्हणजे ठरवलेल्या ताकदीलाच आवळणारा, स्क्रूड्रायव्हर मिळतो, तीन-चार जणांनी मिळून एक घेतला तरी चालतो. जास्त आवळलं तर नळकांडं चेपतं आणि आतला नॉबचा सांगाडा अडकायला लागतो. खालच्या पट्टीचे स्क्रू मात्र चांगले घट्ट हवेत.

आणि आता ती पेन्सिलची रेघ.

नॉबकडे वळायच्या आधी एक गोष्ट, खरं तर ही स्कोप बसवायच्या आधीच करायची. नॉब मधोमध आहेत का बघा. स्कोपच्या आत एक बारीक नळी असते, तिला वरून आणि बाजूने नॉबचे स्क्रू ढकलतात आणि समोरून एक स्प्रिंग परत ढकलते. वरचा नॉब "अप"कडे अगदी शेवटपर्यंत नेला की स्क्रू वर उचलला जातो, स्प्रिंग सैल पडते, आणि मग ती नळी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी हलते. त्या मुलाचा नेम "रोज वेगळ्या भलतीकडे" जायचा त्याचं अर्धं कारण तेलाची पट्टी आणि अर्धं कारण हे. घरी आरसा असेल तर मध्य शोधायला सोपं आहे, झूम सगळ्यात कमी, पुढची काच आरशाला सपाट टेकवा आणि मागून बघा, काट्याबरोबर काट्याचंच प्रतिबिंब दिसतं. नॉब फिरवून दोन्ही एकावर एक आणा. आले की तुम्ही मध्यावर आहात.

मग असं होतं की नॉब मध्यावर ठेवून मारलं तर छर्रे खूपच खाली जातात. नळी दुमडणाऱ्या रायफलीत हे नेहमीचं आहे, नळी पट्टीच्या मानाने थोडी खाली झुकलेली असते. याला उपाय नॉब नाही, माउंट आहे. मागे उंच असलेला माउंट मिळतो तो घ्या. नाहीतर मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्यात कोल्ड्रिंकच्या कॅनची छोटी पट्टी कापून घाला, तिची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, दोन रिंगांत १० सेंटिमीटर अंतर असेल तर एका पट्टीने छर्रा १० मीटरवर एक सेंटिमीटर आणि २५ मीटरवर अडीच सेंटिमीटर वर येतो. दोनपेक्षा जास्त पट्ट्या घालू नका, नळकांडं वाकतं.

आता क्लिकचं गणित. बहुतेक स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव एमओए असं लिहिलेलं असतं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. आपण कोन मोजतोय, सेंटिमीटर नाही, हीच गोम आहे, कारण कोन तोच राहतो पण अंतर वाढलं की फरक वाढतो, टॉर्चचा झोत जसा लांब गेला की रुंद होतो तसा. एक एमओए १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. त्याचा पाव म्हणजे एक क्लिक १०० मीटरवर सव्वासात मिलिमीटर, २५ मीटरवर १.८ मिलिमीटर आणि १० मीटरवर पाऊण मिलिमीटरही नाही, ०.७३. त्यामुळे १० मीटरवर "चार क्लिक दिले पण काहीच झालं नाही" अशी तक्रार येते ती बरोबरच आहे, चार क्लिकने तीन मिलिमीटरही हलत नाही. काही स्कोपवर ०.१ एमरॅड, कोनाचंच दुसरं माप, लिहिलेलं असतं, तिथे हिशोब सोपा, १०० मीटरला एक सेंटिमीटर, २५ ला अडीच मिलिमीटर, १० ला एक मिलिमीटर.

समजा १० मीटरवर तुमचे छर्रे ४ सेंटिमीटर खाली आणि २ सेंटिमीटर डावीकडे लागतायत. ४० मिलिमीटरला ०.७३ ने भागलं, ५५ क्लिक वर. २० ला भागलं, २७ क्लिक उजवीकडे. नॉबवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, काटा कुठे जाईल ते नाही. म्हणजे छर्रा वर हवा असेल तर "अप". इथे नव्वद टक्के लोक थांबून डोकं खाजवतात आणि उलटं फिरवतात. बाण म्हणजे छर्रा, एवढं पाठ करा.

पण क्लिक द्यायच्या आधी छर्रे कुठे लागतायत ते माहीत हवं ना! एका छर्‍यावरून काहीही कळत नाही. एक छर्रा मारला, खाली लागला, लगेच वर फिरवलं, दुसरा वर लागला, लगेच खाली फिरवलं, असं करत करत लोक पन्नास छर्रे घालवतात, आणि शेवटी त्यांनी स्कोप नाही तर स्वतःच्या हाताचा कंप जुळवलेला असतो. म्हणून पाच छर्रे. काटा पाचही वेळा तिथेच, छर्रे कुठेही लागोत. पाच भोकं पडली की कागदाजवळ जायचं, रेंजवर सगळ्यांनी मारणं थांबवलंय आणि रेंज ऑफिसरने हो म्हटलंय मगच, आणि त्या भोकांच्या पुंजक्याचा मध्य पट्टीने काढायचा. सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं भोक यांच्या मधली आडवी रेघ, सगळ्यात डावं आणि सगळ्यात उजवं यांच्या मधली उभी रेघ, जिथे छेदतील तो मध्य. तिथून मोजायचं. एखादं भोक लांब पडलंय आणि ट्रिगर दाबताना तुम्हाला स्वतःला कळलं होतं की हात हलला, तर ते सोडा. कळलं नव्हतं तर मोजा, ते खरं आहे.

पुंजकाच विखुरलेला असेल, पाच छर्रे हातभर पसरले असतील, तर नॉबला हात नाही. परत स्क्रू बघा, रेघ बघा, छर्रे बदलून बघा. एकाच नळीत एका कंपनीचे छर्रे नाण्याखाली बसतात आणि दुसऱ्या कंपनीचे बशीभर पसरतात, त्याला इलाज नाही, चार डब्या आणून बघाव्या लागतात. आणि स्प्रिंगची रायफल वाळूच्या पिशवीवर दाबून धरू नका. तिला ते दोन धक्के मोकळेपणाने घेऊ द्यावे लागतात, पुढचा हात उघड्या तळव्यावर, बोटं न आवळता, दरवेळी त्याच जागी. घट्ट धरली की नेम फिरतो. पीसीपी मात्र पिशवीवर ठेवून बिनधास्त मारा.

आधी १० मीटरवर कागदावर आणा, मग २५ वर बारीक करा. क्लिक दिल्यावर पुढचे दोन छर्रे मोजायचे नाहीत, आतली नळी जागेवर बसायला तेवढे लागतात. मग परत पाच. माझा अनुभव असा की सगळं नीट बसवलेलं असेल तर तीन-चार पुंजक्यांत काम होतं, वीस-पंचवीस छर्रे, पाऊण तास.

पॅरालॅक्सचं पण सांगते कारण ते शब्द ऐकूनच लोक घाबरतात. काट्याचा स्पीडोमीटर असलेल्या जुन्या टॅक्सीत तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसलात तर तुम्हाला काटा पंचेचाळीसवर दिसतो आणि ड्रायव्हरला चाळीसवर. काटा तोच, पण काटा आणि आकड्यांची तबकडी यांच्यात थोडं अंतर असल्यामुळे बाजूने बघितलं की आकडा बदलतो. स्कोपमध्येही टार्गेटचं चित्र आणि काटा एकाच पातळीवर नसतील तर डोकं हललं की काटा टार्गेटवरून फिरतो. मोठ्या बंदुकांचे स्कोप बऱ्याचदा १०० यार्डांसाठी कायमचे जुळवलेले असतात, ते १० मीटरवर धूसर दिसतात आणि काटाही फिरतो. एअरगनच्या स्कोपला पुढच्या काचेभोवती किंवा डाव्या बाजूला फिरवायची कडी असते. ती अंतरावर आणा, मग रायफल न हलवता फक्त डोकं वर-खाली करा. काटा टार्गेटवर चिकटून राहिला की झालं. कडीवरच्या आकड्यांवर फार विश्वास नको, डोळ्यावर ठेवा.

झीरो झाल्यावर बाकीची अंतरं. वर सांगितलेलाच वेग आणि साडेचार सेंटिमीटर उंची धरली आणि २५ मीटरला झीरो केलं, तर हिशोबाने ५ मीटरवर छर्रा दीड सेंटिमीटर खाली लागतो, कारण तो अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो. १० मीटरवर जेमतेम चार मिलिमीटर वर, १८ च्या आसपास दीड सेंटिमीटर वर, २५ ला बरोबर, आणि ३० वर अडीच सेंटिमीटर खाली. जवळचं टार्गेट खाली लागतं हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण ५ मीटरवर एक कागद लावून बघा. तुमच्या रायफलीचे आकडे वेगळे येतील, वेग आणि स्कोपची उंची वेगळी म्हणून, तेव्हा दर पाच मीटरला पाच-पाच छर्रे मारून वहीत लिहून ठेवा, छर्‍याच्या डबीचं नाव आणि तारीख टाकून.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, एकदा आत गेली की पुसून निघत नाही. बोरा बझारातल्या कॅमेरावाल्यांना विचारा, ते लेन्सबद्दल हेच सांगतील. स्कोप चामड्याच्या किंवा फोमच्या बंद पिशवीत ठेवू नका, त्यात ओल अडकते. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि रंग बदलला की पुड्या तव्यावर मंद गरम करून परत. आणि गणपतीनंतर पहिल्यांदा रेंजवर जाल तेव्हा झीरो तसाच असेल असं धरून चालू नका. लाकडी दस्ता ओल धरून फुगतो आणि सुकला की आकसतो, त्याचे स्क्रू सैल पडतात, आणि सगळंच थोडं सरकतं. आधी दस्त्याचे स्क्रू, मग रिंगचे, मग रेघ, मग पाच छर्रे.

तो मुलगा परत आला जानेवारीत. पट्टी पुसलेली, पिन भोकात, मागच्या रिंगखाली कॅनची एक पट्टी, नॉब मध्यापासून थोडेसेच वर. २५ मीटरवर पाच मारले आणि आम्ही दोघं कागदाजवळ गेलो. त्याने खिशातून रुपयाचं नाणं काढून भोकांवर ठेवलं, चार पूर्ण झाकली गेली, पाचवं अर्धं बाहेर. स्कोप तोच होता, दुसरा, "खराब" निघालेला. मग त्याने वाकून पुढच्या रिंगजवळची खडूची रेघ बघितली, मला पण बघायला लावली, आणि वहीत पानाच्या वर तारीख लिहिली.